देवमाशाचा गोवर

[दृश्य: कोथरूड. जनावरांचा दवाखाना, टेबलावर लॅब्राडोरचं पिल्लू.]

पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की त्याला दवाखान्यात नेतात, लस टोचतात, कार्डावर स्टिकर लागतं. त्या लशीतलं एक नाव डिस्टेंपर. माणसाचा गोवर, गुरांची बुळकांडी आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हे एकाच घराण्यातले विषाणू. बुळकांडी जगातून गेल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. पण या घराण्याची एक पाती समुद्रातही नांदते.

[दृश्य: उत्तर समुद्राचा किनारा. वाळूवर मेलेले सील.]

१९८८ मध्ये इथे सुमारे १८,००० सील मेले. त्याच सुमारास सैबेरियातल्या बैकल सरोवरातही सील मरत होते, आणि तिथे सापडला चक्क कुत्र्यांचाच डिस्टेंपर!

२००२ मध्ये उत्तर समुद्रात पुन्हा साथ आली. मधली १४ वर्षं विषाणू का थांबला? आजींना विचारा. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. सीलचंही तसंच. पण वाचलेले म्हातारे होतात, नवी पिल्लं जन्मतात, आणि त्यांनी हा रोग पाहिलेलाच नसतो. अशी पिल्लं पुरेशी झाली की विषाणूला रान मोकळं.

डॉल्फिन आणि देवमासे श्वास घ्यायला वर येतात, तेही कळपानं, एकमेकांना खेटून. २०१३ ते २०१५ या काळात याच घराण्यातल्या विषाणूच्या साथीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला १,६०० हून जास्त डॉल्फिन लागले, बहुतेक मेलेलेच.

[दृश्य: बंद शटरची चिकनची दुकानं.]

बर्ड फ्लू हे दुसरंच कूळ. २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांना लागलेला बर्ड फ्लू आठवतोय? तेव्हा पुण्यातही चिकनच्या दुकानांवर शुकशुकाट होता. त्याच एच५एन१ कुळातला विषाणू २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर पोचला. हत्ती सीलच्या त्या हंगामातल्या पिल्लांपैकी सुमारे ९७ टक्के पिल्लं गेली.

[दृश्य: समुद्रावर ड्रोन.]

आता तपासणी. कोरोनात आपल्या नाकात काडी घातली, तेव्हा आपण केवढा आरडाओरडा केला! देवमाशाच्या नाकात कोण घालणार? म्हणून ड्रोनला बशा लावतात. देवमासा वर येऊन फवारा सोडतो, ड्रोन त्यातून जातो, थेंब बशीत पडतात. उत्तर नॉर्वेच्या समुद्रात हंपबॅक देवमाशांच्या अशाच थेंबांत गोवराच्या घराण्यातला विषाणू सापडला. ते देवमासे त्या वेळी पोहत होते.