पाऊस काढायचा कसा?

नमस्कार. मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. समोर चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुलं दिसताहेत, म्हणून आज एकाच प्रकल्पाबद्दल बोलते. विषय होता भाताची लावणी. कुडाळजवळ माझं आजोळ. तिथं लहानपणापासून पाहिलेलं दृश्य: चिखलाचं खाचर, वाकलेल्या बायका, पाठीवर पावसासाठी विणलेलं इरलं, बांधावर तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी. हे दृश्य मी तीनदा काढलं. जलरंगात, लिनोकटमध्ये (लिनोचा पट्टा कोरून, त्याला शाई लावून घेतलेला ठसा) आणि टॅबवर. बायका, बांध, डोंगर तिन्हीकडे जमले. अडलं ते पावसापाशी.

जलरंग पारदर्शक असतो, गडद रंगावर फिका चढत नाही. पावसाची पांढरी रेघ म्हणजे कागदाचाच पांढरा, तो आधीपासून राखावा लागतो. वरून पांढरा पोस्टर कलर ओढून पाहिला, तर खडूच्या रेघा दिसल्या. मग मेणबत्तीचा तुकडा घेऊन कोऱ्या कागदावर तिरप्या रेघा ओढल्या. मेणावर रंग धरत नाही. पण मेण पांढरं, कागदही पांढरा. रेघ कुठं पडली ते दिसतच नाही. अंदाजानं ओढायचं आणि वरून रंगाचं पाणी फिरवायचं. पाऊस एकदम उमटतो! त्यात जुलैची दमट हवा, पहिला थर वाळेना. आकाश डोंगरात उतरलं. ते मी तसंच ठेवलं, कारण जोराच्या सरीत डोंगराची कड खरोखरच दिसत नाही.

लिनोचा पट्टा म्हणजे जवसाचं तेल, बुचाची भुकटी आणि मागं तागाचं कापड. थोडा उन्हात ठेवला की कोरायला मऊ होतो. कोरलं ते पांढरं, राहिलं ते काळं. कोरण्याआधी मी दोन दिवस पडवीत बसून नुसता पाऊस बघितला. उजळ आकाशासमोर धारा जवळजवळ दिसत नाहीत. काळपट इरल्यासमोर, झाडीसमोर दिसतात. मग धारा तेवढ्याच ठिकाणी कोरल्या. एकदा कोरणी सटकली आणि एका बाईच्या मनगटावरून चीर गेली. कोरलेलं परत भरता येत नाही. तिच्या शेजारी त्याच तिरपेपणाच्या आणखी चार रेघा कोरल्या, आणि पाऊस तिच्या हातावरून गेला. मला त्या ठशातली ती जागा सर्वांत आवडते.

इथं जपानी चित्रकार हिरोशिगेची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८५७ साली त्यानं पुलावर अचानक आलेल्या सरीचं चित्र केलं. (मुंबईत जे. जे. हे कलाविद्यालय सुरू झालं ते याच वर्षी.) ते लाकडी ठशाचं काम, आणि त्यातला पाऊस काळ्या रेघांचा. म्हणजे माझ्या नेमकं उलट: केसासारखी रेघ उभी ठेवून तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. चित्र हिरोशिगेचं, पण हे काम कोरणाऱ्या कारागिराचं. १८८७ मध्ये डच चित्रकार व्हॅन गॉगनं तेच चित्र तैलरंगात उतरवलं. रचना तीच, पण ब्रशच्या फटकाऱ्यांनी पाऊस जाड झाला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा.

टॅबवर तर पावसाचा तयार ब्रश असतो. पाच मिनिटांत पाऊस पडला आणि चित्र मात्र कोरडंच राहिलं. काचेवर धारा आणि काचेमागं बायका. मग तो पावसाचा एक लेयर, म्हणजे थर, काढून तीन केले: डोंगरापुढं बारीक आणि दाट, बायकांच्या मध्ये जरा मोठा, अगदी पुढं मोजक्या धारा. खाचरातल्या पाण्यावर थेंबांची वर्तुळं काढली. अन्डूला, म्हणजे केलेलं मागं घेण्याच्या सोयीला, नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. धारांचा कल मी किती वेळा बदलला असेन! तेवढं धाडस कागदावर केलं नसतं.

छापताना तरव्याचा पोपटी गेला. पडद्यावरचा हिरवा प्रकाशाचा असतो, छपाईतला निळ्या-पिवळ्या शाईचा, आणि त्या शाईला तेवढा झगझगीतपणा येत नाही. हिरवा आणखी भडक करून काही होईना. शेवटी शेजारचा चिखल जांभळट, काळसर केला, तेव्हा तरवा उठून दिसला.

मग तिन्ही चित्रं मामीला दाखवली. ती म्हणाली, "अगो, लावलेलं भात ह्यांच्या पाठीमागं कसं?" लावणी मागं मागं सरकत करतात, लावलेल्या ओळी समोर राहतात, नाहीतर पायाखाली येतील. इतकी वर्षं बघूनही माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. टॅबवर त्या ओळी मी त्याच संध्याकाळी हलवल्या. जलरंग आणि लिनो तसेच आहेत.

लिनोचा नवा पट्टा कोरायला घेतलाय, बायकांची तोंडं आता लावलेल्या ओळींकडे आहेत. तो आणि तिन्ही चित्रं मागच्या टेबलावर ठेवली आहेत. लिनोला हात लावून बघा. आणि तुमच्यापैकी कुणी इरलं विणलं असेल, तर त्याची वीण मला जरूर दाखवा. नव्या पट्ट्यावर इरल्याची जागा अजून कोरलेली नाही.