एलियाहू ते एलोजी

ताटात भिजवलेल्या पोह्यांची रास. गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून कालवलेली. वर केळ्याचे काप, भोवती खजूर. हा मलिदा. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. त्यांच्या घरात लग्न असो की नवस फेडायचा असो, मलिदा मांडला की नाव घ्यायचं ते एलियाहू हन्नाबीचं. हन्नाबी म्हणजे संदेष्टा, देवाचा निरोप माणसांना सांगणारा. नाव आहे एलियाहू.

हिब्रूत 'एल' म्हणजे देव, 'एली' म्हणजे माझा देव. 'याहू' हे यहुद्यांच्या ईश्वराच्या 'याहवे' या नावाचं आखूड रूप. म्हणजे 'याहू माझा देव'. (ईमेलवाल्या याहूशी याचा काही संबंध नाही. नेतन्याहू या आडनावाशी मात्र आहे.)

आता हे नाव धारण करणाऱ्याची गोष्ट. इसवीसनापूर्वी नववं शतक. इस्रायलच्या गादीवर अहाब, शेजारी राणी ईजबेल, 'बाल' नावाच्या दुसऱ्या देवाची भक्त. देशात दुष्काळ. कर्मेल डोंगरावर एका बाजूला बालचे 450 संदेष्टे, दुसऱ्या बाजूला एकटा एलियाहू. ज्याच्या वेदीवर आकाशातून आग उतरेल, त्याचा देव खरा. बालचे भक्त सकाळपासून नाचून थकले. एलियाहूनं तर आपल्या लाकडांवर बारा घागरी पाणी ओतायला लावलं! तरी आग उतरली. लोक पालथे पडून ओरडले, 'याहवे, तोच देव!' ऐकलंत? त्याचंच नाव, फक्त उलट्या क्रमानं. गोष्ट सांगणाऱ्याला हे कळत नसेल, असं मला तरी वाटत नाही.

पुढे अग्निरथ आला आणि एलियाहू वर गेला. मेला नाही, म्हणून आजही त्याची वाट पाहतात. वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा प्याला भरतात, सुंतेच्या वेळी एक खुर्ची राखून ठेवतात.

नावही फिरलं. ग्रीकांत एलियास, अरबीत इल्यास, रशियनमध्ये इल्या. आणि कोकणात एलोजी! सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, तसा हा. गंमत म्हणजे ईश्वराचं नाव असलेला 'याहू' झिजून गेला आणि तिथे आपला 'जी' येऊन बसला.

अलिबागजवळ खंडाळा गाव आहे, घाटातला नव्हे. तिथल्या कातळावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या, अशी बेने इस्रायलींची श्रद्धा. इस्रायलला जाऊन स्थायिक झालेलेही नवस फेडायला इथे येतात. 'तू बिश्वात' हा यहुद्यांचा झाडांचा सण, पण कोकणात त्याला म्हणतात एलियाहू हन्नाबीचा उरूस. नाव हिब्रू, उरूस अरबी, मधला 'चा' आपला.