‘स्टार ट्रेक’ची लेखक-पुस्तिका आणि आपल्या एकांकिका

नमस्कार मंडळी.

एकांकिका लिहिणारे आणि मुलांची नाटकं बसवणारे इतके जण आज समोर आहेत, म्हणून विषयही लिहिण्याचाच घेतला आहे. ‘स्टार ट्रेक’ ही एका अवकाशयानावरच्या माणसांची मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर लागत होती. एकूण ७९ भाग झाले. तिचे जनक जीन रॉडनबेरी यांनी लेखकांसाठी एक टंकलिखित पुस्तिका तयार करून घेतली होती. तिची तिसरी सुधारित आवृत्ती १७ एप्रिल १९६७ची आहे. त्या वेळी टीव्हीवर एका मालिकेचे भाग वेगवेगळे लेखक लिहीत. कुणी विज्ञानकथेत मुरलेला, तर कुणी घोडेस्वारांच्या नाहीतर पोलिसांच्या मालिका लिहिणारा. या सगळ्यांच्या हातून एकाच जहाजावरची, त्याच माणसांची गोष्ट लिहून घ्यायची होती. त्यासाठी ही पुस्तिका.

ती सुरू होते एका परीक्षेने. लेखकासमोर एक प्रसंग ठेवला आहे. एंटरप्राइझ या अवकाशयानावर शत्रूचा हल्ला झाला आहे. संरक्षक कवच कमजोर पडत चाललंय. यानावरचा परग्रही अधिकारी स्पॉक सांगतो की पुढचा मारा बहुधा यान नष्टच करील. हातात चार-पाच सेकंद उरलेत आणि कॅप्टन कर्क शेजारी उभ्या असलेल्या देखण्या मदतनीस तरुणीला जवळ घेतो. आता सांगा, यात चूक कुठे आहे? पर्याय दिलेत: यानाचं नाव चुकीचं लिहिलंय, माऱ्याचं भौतिकशास्त्र चुकलंय, कल्पनाच जुनाट आहे, किंवा कॅप्टन असं वागणारच नाही.

उत्तर शेवटचं. कॅप्टन असं वागणार नाही. पुस्तिका पुढे सांगते, हाच प्रसंग आजच्या नौदलाच्या युद्धनौकेवर नेऊन बघा. क्षेपणास्त्र अंगावर येतंय, शेकडो खलाशांचे जीव कप्तानाच्या हातात आहेत, आणि तो हुकूम द्यायचे सोडून एका बाईला मिठी मारतोय. पटेल तुम्हाला? इथे पटत नसेल, तर तीनशे वर्षांनी आणि दुसऱ्या ताऱ्याजवळही पटणार नाही.

विज्ञानाच्या चुका दुरुस्त करता येतात, पण माणूस खोटा वागला की प्रेक्षक हातचा गेला. विज्ञानकथा लिहून घेणाऱ्यांनी हे पहिल्याच पानावर सांगावं, याचं मला फार मोल वाटतं.

दुसरी गोष्ट यंत्रांची. नवा लेखक आला की त्याला किरणबंदूक कशी चालते हे समजावून सांगायची घाई असायची. पुस्तिका त्याला विचारते, पोलीस सार्जंट फ्रायडे पिस्तूल झाडण्याआधी त्याची रचना सांगत बसतो का? डॉक्टर किल्डेअर भुलीच्या औषधाच्या सिद्धान्तावर भाषण देतात का? मार्शल डिलन घोड्यावर टांग टाकण्याआधी त्याची जात सांगतो का? ही सगळी तेव्हाच्या लोकप्रिय मालिकांमधली पात्रं, त्यामुळे मुद्दा कुणालाही लगेच कळावा. ज्यांच्या हातात ती वस्तू रोजची आहे, ती माणसं तिच्याबद्दल बोलत नाहीत, ती वापरतात.

पैशाची चणचण होतीच. दर आठवड्याला एवढं मोठं यान एकेका ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणार नव्हतं, म्हणून माणसांना क्षणात खाली पोहोचवणारं यंत्र कल्पनेत आलं. फायदा असा झाला की गोष्ट तिसऱ्या मिनिटाला ग्रहावर पोहोचू लागली. शाळेच्या सभागृहात, दोन पडद्यांच्या मधे नाटक करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

पुस्तिकेतलं सगळंच मला मान्य नाही. बायकांची ओळख आधी त्यांच्या रूपावरून करून दिलेली वाचताना आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. त्याच कचेरीत डोरोथी फॉन्टाना होत्या. रॉडनबेरींच्या सेक्रेटरी म्हणून काम करता करता त्या मालिकेच्या कथा-संपादक झाल्या. पडद्यावर नाव यायचं ‘डी. सी. फॉन्टाना’, म्हणजे लिहिणारी बाई आहे हे कळू नये.

त्यांनीच लिहिलेला एक भाग नोव्हेंबर १९६७मध्ये दाखवला गेला. स्पॉकचे वडील सारेक यानावर येतात. बापलेकांत अठरा वर्षं नीट बोलणं नाही, कारण मुलाने वडिलांना हवी होती ती विज्ञानसंस्था सोडून अवकाशदलाची वाट धरली. वडिलांवर शस्त्रक्रिया करावी लागते. रक्त मुलाचंच चालणार असतं. पण कॅप्टन जखमी, यानाचा ताबा स्पॉककडे, बाहेर शत्रूचं यान. तो जागा सोडायला तयार नाही. आई अमांडा त्याला विनवते, आणि शेवटी त्याच्या थोबाडीत मारते. परग्रह, निळी-हिरवी माणसं, सगळं आहे त्यात. पण शिकायला किंवा नोकरीला दूर आलेल्या आपल्यापैकी किती जणांच्या घरात हा अबोला झालाय, ते मी सांगायला नको.

आता आपल्याकडे येतो. आपल्या मुलांच्या नाटकांत आजी मंचावर येते आणि संक्रांत का साजरी करतात, सूर्य कुठल्या राशीत जातो, तिळाचे गुण काय, हे पाच मिनिटं सांगते. हेतू चांगला आहे, मुलांना कळावं हाच. पण ज्या घरात संक्रांत खरोखर होते तिथे असं कुणी बोलत नाही.

त्याऐवजी हे बघा. गुळाचा पाक उतरवलाय. तीळ घातलेत. गार झालं की लाडू वळत नाहीत, म्हणून घाई आहे. नात हात घालते आणि “आई गं!” म्हणून मागे ओढते. आजी म्हणते, “अगं, तूप लाव आधी हाताला.” आई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी उभी आहे. मायलेकींचं कालपासून बिनसलंय, कारण मुलीला डॉक्टरकी सोडून दुसरंच काही शिकायचंय. आजी पहिला लाडू नातीच्या हातावर ठेवते आणि म्हणते, “जा, तिला दे.” बस. नातीने लाडू दिला की तोंडातून काय निघणार, ते या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि ज्या अमेरिकन मित्राला माहीत नाही, त्यालाही आईचा चेहरा बघून कळेल.

उलट्या दिशेनेही हेच. इथल्या, अमेरिकेतल्या आयुष्यावर लिहिताना आपण बर्फ, व्हिसा, कचेरी यांची माहिती पुण्या-नाशिकच्या वाचकाला देत बसतो. व्हिसाचं पत्र आलं नाही म्हणून बहिणीच्या लग्नाला न गेलेला भाऊ दाखवा. नियम वाचकाला आपोआप समजतील.

दुपारच्या सत्रात संहिता घेऊन बसूया. ज्यांनी लिहून आणलंय त्यांनी पहिली दोन पानं मोठ्याने वाचायची, आणि पात्रांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट जिथे एखादं पात्र दुसऱ्याला समजावतंय, तिथे पेन्सिलने खूण करायची. मग ते वाक्य काढून प्रसंग उभा राहतो का, ते लगेच करून बघू. दोन मुलं तयार ठेवा, वाचायला लागतील.