काठी आधी, वेल नंतर

(दृश्य : कोथरूडमधली एक गच्ची, दुपार कलतेय, आभाळ भरून येतंय)

पुण्यात मे महिन्यात हे ठरलेलंच. दुपारपर्यंत रणरणतं ऊन, तीनच्या पुढे आभाळ काळं, आणि मग वळीव असा काही कोसळतो की गच्चीवरचे टोमॅटो आडवे, कारल्याचा वेल मांडवासकट खाली. मग सगळे धावतात काठी शोधायला. पण तेव्हा उशीर झालेला असतो राव, कारण मोठ्या झाडाशेजारी आता काठी खुपसली की आत पसरलेली मुळं तुटतात, म्हणजे वरून वाऱ्यानं हाणलं आणि खालून आपण.

काठी रोप लावतो त्याच दिवशी लावायची. रोप वीतभर असतं तेव्हा शेजारी पाच फुटी बांबू बघून हसू येतं, येऊ दे. बुरूड आळीत बांबू मिळतात, कामट्या मिळतात, त्या प्लास्टिकच्या चकचकीत काठ्यांपेक्षा स्वस्त आणि बांधलेली दोरी त्यांच्यावरून सरकत पण नाही. फक्त एक आहे, कुंडीत एकटी काठी उभी राहात नाही, माती कमी असते ना, म्हणून तीन काठ्या कडेनं रोवून वर एकत्र बांधायच्या. घेवडा, वाल, दोडका, सगळे यावर आनंदानं चढतात.

(दृश्य : दोरी बांधणारे हात, जवळून)

बांधताना बघा, तार नाही वापरायची, खोड जाड होत जातं आणि तार आत रुतते. सुतळी किंवा काथ्या घ्या, नाहीतर जुन्या टीशर्टच्या पट्ट्या, त्या तर बेस्ट. आधी काठीला गाठ, मग मध्ये एक पीळ, मग खोडाभोवती सैल वेढा, आत बोट सहज जायला पाहिजे. झाड थोडं हललं पाहिजे वाऱ्यावर, हलल्यानंच खोड जाड आणि बळकट होतं. गच्च आवळून ठेवलेलं रोप उंच होतं पण काठी काढली की लगेच मान टाकतं.

आता पाऊस. पुण्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की या काळात कुंडीतली झाडं पाण्याअभावी नाही, पाण्यानं मरतात. म्हणून मेमध्येच प्रत्येक कुंडी तिरकी करून खालचं भोक बघायचं, मुळांनी किंवा चिखलानं बुजलेलं असतं ते मोकळं करायचं, कुंडी दोन विटांवर ठेवायची. खालच्या ताटल्या काढून टाका, मुळं कुजतातच आणि वर डासांची सोय होते, मग महापालिकेचे लोक तपासणीला आले की धावपळ. अडेनियम, निवडुंग असली मंडळी सरळ छपराखाली न्या, त्यांना आषाढातली झड अजिबात मानवत नाही.

आणि ती हिरवी जाळी! उन्हाळ्यात लावलेली शेडनेट पुण्यातल्या निम्म्या गच्च्यांवर गणपतीपर्यंत तशीच असते. अहो, जुलैत आधीच ढग, उजेड कमी, त्यावर जाळी, मग मिरचीला फुलं येत नाहीत म्हणून खत टाकत बसतात. मृग लागला की जाळी काढा, गुंडाळा, ठेवून द्या.

(दृश्य : रात्र, बॅटरीच्या उजेडात पानावर गोगलगाय)

पावसाळ्यातला दुसरा पाहुणा हा. मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय, एका रात्रीत रोपांची पानं साफ करते. रात्री बॅटरी घेऊन फिरायचं, हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ मातीत मात्र टाकू नका, गोगलगायीबरोबर झाडपण जाईल.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की गुलाबाची छाटणी. पावसानं मातीतलं खत धुऊन गेलेलं असतं, तेव्हा छाटणीनंतर शेणखत द्यायचं म्हणजे जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमाराला आपल्याकडेपण बघण्यासारखं काहीतरी असतं.

थंडीबद्दल फार बोलत नाही. व्हिडिओत बघून लोक झाडांना प्लास्टिकच्या पिशव्या घालतात, ते उत्तरेकडच्या थंडीसाठी ठीक आहे. पुण्यात पारा आठ-नऊपर्यंत उतरतो, शहरात झाडं गोठत नाहीत. तुळस मात्र मलूल होते, तिच्या मंजिऱ्या खुडत राहा, पाणी कमी करा, सकाळचं ऊन मिळेल तिथं सरकवा. गुलाबावर भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी, येते ती याच दिवसांत, दिवस कोरडे आणि रात्री गार असल्या की, तेव्हा दाटीतली पानं काढून हवा खेळती ठेवा.

(दृश्य : रिकाम्या चौकटीवर ताणून बांधली जाणारी जाळी)

जाळी फेब्रुवारी संपता संपता. भाजीसाठी पन्नास टक्के सावली देणारी पुरते, नेचे, ऑर्किड असतील तर पंच्याहत्तरची. झाडाच्या शेंड्यावर दोनेक फूट मोकळी जागा ठेवून बांधा, नाहीतर खाली भट्टी होते. आणि एक गोष्ट बाल्कनीवाल्यांसाठी, साधारण 13 मेला पुण्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो, त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे कलतो, त्यामुळे वर्षभर सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या बाल्कनीत अचानक ऊन येतं आणि मनीप्लांटची पानं करपतात. रोग नाहीये तो, कुंडी फक्त हातभर आत घ्या.

याच दिवसांत जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड. एक लिटर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि चार थेंब भांड्याचा लिक्विड साबण, संध्याकाळी फवारा, आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण मुंग्याच त्यांना इकडून तिकडे नेतात आणि राखण करतात.

सुट्टीत गावाला जाणार असाल तर कुंड्या सगळ्या एका कोपऱ्यात चिकटून ठेवा, लहान मध्ये आणि मोठ्या कडेला, मातीवर उसाचं पाचट नाहीतर वाळका पाला जाड थरानं पसरा, मध्ये पाण्याची बादली जरा उंचावर ठेवून त्यातून सुती वाती प्रत्येक कुंडीच्या मातीत खोचा. आठवडाभर निभतं. त्याहून जास्त दिवस असेल तर शेजारच्या काकूंना किल्ली द्या, आणि त्यांना आवर्जून सांगा की अडेनियमला पाणी घालू नका.