मायफळातले भाडेकरू

श्रोतेहो, नमस्कार.

घरात तान्हं बाळ आलं की गुटीचा डबा निघतो. वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड आणि मायफळ. सहाणेवर दोन-दोन वळसे. हे तुम्हाला मी सांगायला नको. आज त्यातल्या मायफळाबद्दल बोलायचंय.

थोरल्या लेकीचं बाळंतपण आमच्याकडे होतं. आई म्हणाली, "रविवार पेठेत जाऊन मायफळं घेऊन ये." मी दोन आणली. आईनं चष्मा चढवला, उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "किडकी आणलास की रे! भोकं बघ." एकाला एकच भोक, मोहरीचा दाणा जाईल एवढं. दुसऱ्याला टाचणीनं टोचल्यासारखी पाच-सहा.

गेलो परत. दुकानदार कन्नड, मायफळाला माचिकाई म्हणणारा. हसून म्हणाला, "अदु हंगऽ इरतद री." ते तसंच असतंय! तरी बिचाऱ्यानं अख्खं पोतं चाळून बिनभोकाचं एक काढून दिलं. निळसर हिरवं, हाताला जड.

आई खूश. पण मला राहवेना. दुपारी ती लवंडल्यावर मी ते जड मायफळ खलबत्त्यात घातलं. दगडच तो! चौथ्या घावाला फुटलं. मधोमध एक गोल खोली, आणि तिच्यात एक तपकिरी माशी, पंख मिटून, पाय पोटाशी घेऊन, वाळलेली. मोठ्या मुंगीएवढी.

आवाजानं आई उठून आलीच. "हे काय करालास?"

"आई, हे हिचं घर."

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "सात पोरांना चाटवलं मी हे. तू सहावा." आणि भोकाचं मायफळ उचलून डब्यात टाकलं. "हेच बरं. ह्यातली निघून तरी गेली."

तर श्रोतेहो, मायफळ हे फळ नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराणकडच्या ओक झाडावरची ती गाठ. एक बारकी गांधीलमाशी फांदीवरच्या कोवळ्या डोळ्यात, म्हणजे फुटव्यात, अंडं घालते. अळी वाढू लागली की झाड तिच्याभोवती सुजतं, आणि आतली मऊ भिंत खाऊन अळी पोसते. फळ नव्हे, गाठ! गाठी किड्यांमुळे होतात हे इटलीच्या माल्पिगी नावाच्या वैद्यानं १६७९ साली छापून सांगितलं.

आपल्याकडचा सिल्व्हर ओक मात्र ओक नव्हे, ते ऑस्ट्रेलियातलं वेगळंच झाड. बेळगावात पाट्यांवरच्या नावांवरून आपण डोकी फोडू, पण दारातल्या झाडाचं नाव कुणी विचारणार नाही. असो.

खरी गंमत पुढं आहे. ओकवरच्या अशा गाठींत मालकीण एकटी नसते. काही माश्यांना स्वतःची गाठ करताच येत नाही. त्या दुसरीच्या गाठीत अंडी घालतात, त्यांच्या अळ्या भिंतीत राहून भिंतच खातात. हे झाले भाडेकरू, भाडं न देणारे. मग येतात मारेकरी. सुईसारख्या नळीनं बाहेरूनच भिंत भोसकून आतल्या अळीवर अंडं घालायचं, म्हणजे यांची अळी तिला खाऊन वाढते. त्या मारेकऱ्यालाही खाणारा चौथा असतो. सगळे एका सुपारीएवढ्या घरात! सगळी निघून गेली की रिकाम्या गाठीत कधी मुंग्या बिऱ्हाड करतात.

भात करणाऱ्यांना याचा चुलतभाऊ ठाऊक आहे. गादमाशी लागली की पोंग्याची कांद्याच्या पातीसारखी पांढुरकी नळी होते. ती माशी वेगळ्या कुळातली, पण धंदा तोच. आणि नळीतल्या तिच्या अळीलाही आतून खाणारी बारीक गांधीलमाशी असतेच.

तेव्हा गुटीचा डबा उघडाल तेव्हा मायफळाची भोकं बघा. एकच मोठं भोक असेल तर मालकीण सुखरूप बाहेर पडली. बारीक बारीक पाच-सहा असतील, तर बाहेर पडले ते दुसरेच कुणीतरी.

नमस्कार.