जुन्या बॉक्सला किती वॅट लागतात?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुने मोठे बॉक्स लाइव्ह बँडसाठी कसे चालवावेत’. ते मी सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो, ती पटली नाही तर पुढचे सगळे आकडे फुकट जातील. आपल्या साउंडच्या धंद्यात सगळं वॅटवर चालतं. भाडं वॅटवर, ऑर्केस्ट्राची बोलणी वॅटवर, जाळीवर पिवळ्या रंगात लिहितात तेही वॅटच. इथे कोणाच्या बॉक्सवर पाच हजार लिहिलंय? बरेच हात वर आले. असू दे, भाडं मिळतंय तोवर खोडू नका. पण वॅट म्हणजे आवाज नव्हे. स्पीकरच्या कॉइलमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यात, तुम्ही किती ओतता, तेवढंच वॅट सांगतात. त्यातलं मैदानात किती पोचतं, ते बॉक्सवर असतं.

पडद्यावर बोलपट आले, १९२०च्या दशकाचा उत्तरार्ध, तेव्हा अख्खं थिएटर दहा-पंधरा वॅटच्या व्हॉल्व्ह मशीनवर, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरवर, वाजायचं. ताकद महाग होती, म्हणून सगळी अक्कल स्पीकरमध्ये घातली गेली. हलका कागदी कोन, जबर चुंबक आणि पुढे लाकडी हॉर्न. अमेरिकेतल्या आल्टेक कंपनीचे ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ बॉक्स १९४५ सालचे. त्यानंतर थोड्याच वर्षांत जिम लॅन्सिंग या स्पीकर बनवणाऱ्याने डी-१३० नावाचा स्पीकर काढला. १५ इंची कोन, ४ इंची कॉइल, तीही गोल तारेची नाही, चपट्या तारेची, आणि मधोमध ॲल्युमिनियमची टोपी. आज ज्यांना आपण ‘जुनी खोकी’ म्हणतो ती या घराण्यातली. कमी खाऊन जास्त काम करायचं, यासाठीच ती बनली होती.

आता माझं जुनं दुखणं. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी पुन्हा ऐकावं.

आमच्याकडे सांगली भागात एक साउंडवाला आहे, नाव घेत नाही. त्याच्या वडिलांनी जमवलेले चार मोठे हॉर्नचे बॉक्स होते. प्रत्येकात १५ इंची, चकाकत्या टोपीचा स्पीकर. वडील गेल्यावर पोराने कारभार हाती घेतला. कोणीतरी त्याला सांगितलं, हे स्पीकर शंभर वॅटचे, आजच्या काळात कसे पुरणार? त्याने चारही काढले आणि हजार हजार वॅटचे नवे बसवले. जाड कोन, रबरी कडा, उचलायला दोन माणसं. मग एका जत्रेत ऑर्केस्ट्राचं काम लागलं आणि मला तिथे बोलावलं. का? तर आवाज येत नाही म्हणून!

मी पोचलो तेव्हा गाणं चालू होतं. मशीनवरचा क्लिपचा, म्हणजे ताकद संपून आवाज फाटतोय हे सांगणारा, लाल दिवा लुकलुकत नव्हता, तो कायमचा पेटलेला होता. ढोलकीवाल्याने धुम्म मारलं की स्टेजवरचे हॅलोजन मंद व्हायचे. जनरेटरच्या पॅनेलवर काटा २३० वरून १९० वर आपटत होता. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनला २३० चे १९० मिळाले की तिची ताकद जवळपास एक तृतीयांश घटते. म्हणजे ज्या क्षणी ताकद हवी त्याच क्षणी ती गायब. कमिटीचे लोक ओरडतायत, ‘आवाज वाढवा की!’ आणि हा पठ्ठ्या दुसरी मशीन आणायला निघालेला. बेसवाला तर स्वतःच्या तारेकडे बघून वाजवत होता, कारण त्याला स्वतःचं काही ऐकूच येत नव्हतं.

जुने चार स्पीकर टेंपोत ताडपत्रीखाली होते. मी एक बाहेर काढला, कोनावर दोन्ही बाजूंनी सारखा अंगठा दाबला. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत गेला आणि झटकन परत आला. कॉइल कुठे घासत नव्हतं, कडेची कापडी घडी शाबूत होती. कोन इतका पातळ की उन्हात धरला तर पलीकडचा उजेड दिसावा. हा माल भंगारात जाणार होता.

दुसऱ्या दिवशी साउंडचेकच्या वेळी एका बॉक्समध्ये जुना स्पीकर परत बसवला, शेजारचा नवाच ठेवला. जुन्याला दोनशे वॅटची मशीन, नव्याला त्याची मोठी. बेसवाल्याला म्हटलं, वाजव. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘काका, या बाजूची खालची तार कळते. त्या बाजूला नुसतं ढुमढुम.’ बाजूला उभा असलेला पोरगा काही बोलला नाही, पण संध्याकाळपर्यंत उरलेले तीनही स्पीकर त्याने स्वतः बसवले. मला त्याचा राग नाही. राग आहे तो वॅट विकणाऱ्यांचा.

हिशोब फळ्यावर मांडतो. त्या जातीचा जड स्पीकर एका वॅटला एक मीटरवर साधारण ९४ डेसिबल देतो. जुना, हॉर्नमध्ये बसवलेला, १०३ च्या आसपास. फरक ९ डेसिबलचा. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ९ साठी आठपट. जुना शंभर वॅटवर जे करतो त्याला नव्याला आठशे लागतात. आणि आठशे वॅटने कॉइल तापतं, तापलं की त्याचा रोध वाढतो, आवाज आणखी बसतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. १०३ चा बॉक्स शंभर वॅटवर एक मीटरला १२३ देतो, ३२ मीटरवर ९३ उरतात. चार बॉक्स लावले की जत्रेच्या मैदानाला ते भरपूर झालं.

मोठ्यांचंही उदाहरण देतो. १९७४ साली अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडने ‘वॉल ऑफ साउंड’ उभी केली. मॅकिंटॉशच्या ४८ मशीन, प्रत्येकीचे दोन चॅनेल, चॅनेलला ३०० वॅट. बेरीज २८,८०० वॅट. लोक हा आकडा ऐकून तोंडात बोट घालतात. पण स्पीकर होते सहाशेच्या आसपास! भागाकार करा, एका कोनाच्या वाट्याला पन्नास वॅटसुद्धा येत नव्हते. शिवाय प्रत्येक वाद्याचे स्पीकर वेगळे, त्यामुळे बेसच्या हेलकाव्यात गाणं गढूळ होत नसे. खर्च आणि वाहतूक झेपेना म्हणून तो डोलारा वर्षभरातच उतरला. पण कोन आरामात चालवावेत, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत. लिहून घ्या.

पहिलं ओहम, म्हणजे स्पीकरच्या रोधाचं माप. जुने बरेच स्पीकर १६ ओहमचे, कारण व्हॉल्व्ह मशीनच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला तसा टॅप असायचा. तुमच्या मशीनवर छापलेले हजार वॅट ४ ओहमचे. ८ वर ती साधारण पाचशे देणार, १६ वर अडीचशे. म्हणून ‘हजारची मशीन लावली, स्पीकर जळेल’ ही भीतीही चुकीची आणि ‘आवाज का येत नाही’ हा प्रश्नही. दोन १६ चे समांतर जोडा, ८ झाले. स्पीकर सतत जेवढे वॅट सोसतो त्याच्या दीडपट ते दुप्पट देणारी मशीन घ्या, पण त्याच ओहमवर, आणि लिमिटर, म्हणजे ताकद ठरल्या हद्दीपुढे न जाऊ देणारं यंत्र, लावा. लिमिटर व्होल्टवर बांधायचा. शंभर वॅट म्हणजे ८ ओहमवर २८ व्होल्ट, १६ ओहमवर ४०.

दुसरं, खालचं कापा. हॉर्न ठरावीक स्वरापर्यंतच कोनाला हवेचा भार देतो, त्याखाली कोन मोकाट हलतो. जुन्याची चाल दोन-तीन मिलिमीटरचीच, तो तिथेच मरतो. ४५ ते ५० हर्ट्झच्या खालचं सगळं अडवणारा हायपास फिल्टर लावा. बेस गिटारची खालची तार ४१ ची आहे म्हणून घाबरू नका, कान तिची ८२ ची पट पकडतो. गाण्याच्या माइकला शंभरवर कापलं तरी चालतं.

तिसरं, वरचा हॉर्न. त्याच्या मागचा जुना ड्रायव्हर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, फार नाजूक, पण मोठ्याने बोलणारा. त्याला वेगळी, लहान आणि स्वच्छ मशीन द्या. छोटी मशीन क्लिप झाली की ‘डीसी जाते’, म्हणजे एकाच दिशेचा करंट जातो, असं म्हणतात, तसं नाही. क्लिप झालेल्या मशीनची सरासरी ताकद दुपटीपर्यंत चढते, आणि तो वरचा खरखराट थेट ड्रायव्हरच्या पातळ पडद्यावर येतो. आठशे हर्ट्झवर क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारी वाटणी, असेल तर १६ ओहमच्या ड्रायव्हरला मालिकेत २५ मायक्रोफॅरॅडचा, ८ ओहमच्याला ५० चा नॉन-पोलर कपॅसिटर. मशीन चालू करताना येणारा धप्पकन धक्का तोच अडवतो.

चौथं वायर. १ चौरस मिलिमीटरची वायर ३० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन एक ओहमच्या वर रोध होतो. ४ ओहमच्या भारावर २ डेसिबल वायरमध्येच गेले. मशीन बॉक्सपाशी ठेवा, लांब ओढायची ती सिग्नलची वायर. आणि जुन्या अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचा स्पीकर फार ताकद देऊन चालवला असेल तर त्याचं चुंबक उतरतं. कोन बदलून तो सुधारत नाही, चुंबक परत चार्ज करावं लागतं.

मागच्या लेबलवर विश्वास ठेवू नका, बॉक्स किती हातांतून गेलाय कोणास ठाऊक. मल्टिमीटर लावा. सहाच्या आसपास दाखवला तर ८ ओहमचा, अकरा-बारा दाखवला तर १६ चा. माझा मीटर स्टेजच्या डाव्या बाजूला ठेवलाय. ज्यांनी टेंपोत बॉक्स आणलेत त्यांनी चहा घेऊन तिकडे या, एकेक करून बघू.