‘समजलं का?’ – ‘हो मालक!’

श्रोतेहो, नमस्कार.

कामाच्या ठिकाणी एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत नीट का पोचत नाही, हा आजचा विषय. सोलापुरात कुणालाही हे विचारा, उत्तर तयार असतं. भाषा! कारखानदार घरी तेलुगू बोलणारा, कारकून मराठी, पॅकिंगला बसलेल्या बायका आपसात कन्नड बोलणाऱ्या, टेम्पोवाल्याची दखनी, आणि बाहेरगावची ऑर्डर आली ती इंग्रजीत. मग घोळ होणारच की!

मला हे पटत नाही. 1877 साली इथं ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव तीन-चार भाषांत कामं उरकत आलंय. समोरच्याला आपली भाषा येत नाही हे माहीत असलं की माणूस सावध असतो. सावकाश बोलतो, हातवारे करतो, नमुन्याचा टॉवेल पुढं ठेवतो, नाहीतर ‘अण्णा, जरा ह्याला सांगा’ म्हणून तिसऱ्याला हाक मारतो. फसगत जास्त होते ती एकाच भाषेत बोलणाऱ्या दोघांची. तिथं नमुना कुणी दाखवत नाही. सांगणारा सांगतो, शेवटी विचारतो, ‘समजलं का?’ आणि समोरून येतं, ‘हो मालक.’

माझ्या मते कामाच्या ठिकाणचा सगळ्यात मोठा अडथळा हा ‘हो’ आहे. तो पूर्ण समजल्याचा असतो, अर्धवट समजल्याचाही असतो. कधी ऐकूच आलेलं नसतं. कधी ‘आता जाऊ द्या मला, माग थांबलाय’ एवढाच त्याचा अर्थ असतो. विचारणारा मात्र प्रत्येक वेळी पहिलाच अर्थ धरतो.

ऐकू न येण्याचं आधी बघू, कारण हे शहर यंत्रमागांचं आहे. आठ तासांच्या कामासाठी आवाजाची मर्यादा आपल्याकडं 90 डेसिबल धरतात. माग चालू असलेल्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. तिथं बोलणं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडणं. शिवाय वर्षानुवर्षं त्या खडखडाटात काम केलेल्या माणसाचे कान हळूहळू जातात, आणि ते एका विशिष्ट रीतीनं जातात. आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं त्याच पट्टीत येतात. त्यामुळं माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, स्वर ऐकू येतात, पण ‘साठ’मधला ‘स’ गळतो आणि उरतं ते ‘आठ’सारखं काहीतरी. साठ डझनांच्या जागी आठ डझन बांधून तयार! त्याला बहिरा म्हणून चालत नाही, कारण हाक मारली की तो वळून बघतो. आणि ‘मला नीट ऐकू आलं नाही’ असं पन्नाशीतला कारागीर, दोन पोरं मागं उभी असताना, मुकादमाला सांगेल का? तो मान हलवतो.

आकड्यांची आणखी एक गंमत. मराठीत आपण ‘एकोणसाठ’ म्हणतो, म्हणजे 59 चा आकडा कानावर पडतो तोच साठ घेऊन. तेलुगूत आणि कन्नडमध्ये आधी पन्नास म्हणतात, मग नऊ. घाईत, आवाजात, मोबाईलवर अर्धं तुटत असताना 59, 69 आणि 79 यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. अस्सल मराठी माणसाचंही एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत अडखळणं असतंच, उगाच तेलुगूभाषकांना कशाला बोल लावायचा? उपाय सोपा आहे. ‘पाच-नऊ’ असं एकेक आकडा सुटा सांगायचा, आणि जमेल तिथं खडूनं लिहायचा.

आता सांगणाऱ्याकडं वळू. 1990 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी फक्त 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. साहेब जेव्हा म्हणतात, ‘मागच्या वेळसारखंच करा’, तेव्हा त्यांच्या डोक्यात मागची वेळ कुठली हे पक्कं असतं. रंग मागच्या वेळचा, की बॉर्डर, की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागं कापडाचं ग्रॅममधलं वजन? ऐकणाऱ्याला तीन मागच्या वेळा आठवतात.

सरकारी कार्यालयांत तर ही टकटक कागदावर उतरते. फाईलवर शेरा असतो, ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ कुठला नियम, कोणी, कधीपर्यंत? खालचा लिपिक विचारायला गेला तर ‘एवढी वर्षं नोकरी केली, कळत नाही?’ म्हणून फाईल तशीच आणखी एका टेबलावर सरकते. हा शेरा गैरसमजातून लिहिला जात नाही, अंगावर काही येऊ नये म्हणून लिहिला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपबद्दल थोडक्यात. तिथं निळ्या खुणा आल्या की साहेब निर्धास्त, आणि खाली अंगठ्यांची रांग. तो अंगठा म्हणजे जुना ‘हो मालक’च.

आणि नोटीस बोर्ड! 1948 च्या कारखाने अधिनियमानं सांगितलं होतं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावाव्यात. तरतूद चांगली. पण तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी जणी सोलापुरातच वाढल्यात, शाळा झाली असेल तर ती मराठीत. बोलायची भाषा एक, वाचायची दुसरी, आणि शाळाच झाली नसेल तर बोर्डावर काहीही लावा. तिथं पाळी सुरू होताना कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणं हाच मार्ग.

पाळी बदलताना तर बोलण्यातली सगळ्यात महागडी चूक होते. जाणाऱ्याला घराची ओढ, येणारा अजून डबा ठेवतोय. 6 जुलै 1988 ला स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा या तेल काढायच्या फलाटावर असंच झालं. दिवसपाळीनं एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. काम अपुरं राहिलं. तसा कागदही होता, पण ती गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला. वायू गळला, स्फोट झाला, 167 माणसं गेली. कागद लिहिलेला होता, हे लक्षात घ्या.

मग करायचं काय? त्यासाठी लांब जायला नको, सोलापूर हे रेल्वेचं विभागीय ठिकाण आहे. रेल्वेत जुनी पद्धत आहे. स्टेशन मास्तर फाटकावरच्या गेटमनला फोनवर सांगतो, गाडी येतेय, फाटक बंद कर. गेटमननं ‘हो, केलं’ म्हटलेलं चालत नाही. फाटक बंद करून त्यानं आपल्याकडच्या तक्त्यातला एक नंबर सांगायचा. त्याला खासगी नंबर म्हणतात. स्टेशन मास्तर तो नोंदवून घेतो. नुसत्या होकारावर गाडी सोडायची नाही, ही त्यामागची समज. ती कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका म्हणून आलेली नाही, माणूस ‘हो’ पटकन म्हणतो म्हणून आली आहे.

आपल्याकडं नंबर नको. ‘समजलं का?’ विचारणं तेवढं सोडा आणि म्हणा, ‘कसं करणार, सांग बघू मला.’ शाळामास्तरासारखं दरडावून नाही हं! ‘मी नीट सांगितलं का, ते बघतोय’ असं म्हणून. समजा तुम्ही साडेचारशे जीएसएम म्हणालात आणि तो साडेपाचशे समजलाय. तर ते तिथंच, मागावर ताणा चढण्याआधी कळेल. आणि कुणी येऊन ‘मालक, माल बिघडला’ म्हणाला, तर पहिलं वाक्य जपून बोला. त्या वेळी तो शिव्या खाऊन गेला, तर पुढची खराबी तुम्हाला गिऱ्हाइकाच्या फोनवरून कळेल.

ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण मालक नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही मागावर असा, बिडी कारखान्यात असा की कचेरीत टेबलावर, ‘नाही कळलं’ म्हणायची भीती वाटते ना? मग ते म्हणूच नका. म्हणा, ‘साहेब, मी असं धरून चाललोय – साठ डझन, फिकट निळा, शनिवारपर्यंत. बरोबर?’ एका दमात होतं. पहिल्या खेपेला साहेब कदाचित वैतागतील, ‘आत्ताच सांगितलं ना!’ म्हणतील. वैतागू द्या, पण ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ यातलं एक ऐकल्याशिवाय तिथून हलू नका.

नमस्कार.